तार आखूड कशी झाली

मी पॅलेडियमची तार कापून इतवारीच्या सराफ्यात विकली, असा आरोप माझ्यावर झाला. तोही बंद दाराआड नव्हे, प्रयोगशाळेत, सगळ्या विभागासमोर. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. नागपुरात तिच्या इतक्या आवृत्त्या फिरल्या, की घडलं ते मीच एकदा लिहून काढावं म्हणते. वय झालं की राग निवतो, असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही. तो निवावा असं मला वाटतही नाही.

आम्ही कामठीचे. बाबा पॉवरलूमवर कामाला, आई घरी विड्या वळायची. नागपूरच्या दीक्षेला आईबाबा मला कडेवर घेऊन गेले होते. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, पण बाबांनी तिथून येताना ठरवलं की ही पोरगी शिकेल, आणि त्या ठरवण्याखालीच मी वाढले. रोज कामठीहून बसनं नागपूरला जाऊन मी एम.एस्सी. झाले, चांगल्या गुणांनी झाले, आणि शिष्यवृत्ती मिळवून रसायनशास्त्र विभागात संशोधनाला लागले. आमच्या गल्लीत संशोधन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगता येत नसे. आई सांगायची, "पोरगी मोठ्या शाळेत काही तरी शोधून राहिली." ते चुकीचं नव्हतं.

माझे मार्गदर्शक म्हणजे विभागप्रमुखच. त्यांना मी नुसतं सर म्हणेन. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायची सवय. त्यांनी मला घेतलं ते माझे गुण पाहून, की शिष्यवृत्ती मी माझी घेऊन आले होते म्हणून, हे मला कधी कळलं नाही. विषय मात्र त्यांनी चांगला दिला, हे मान्य करते.

पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा महागडा धातू. त्याला एक खोड आहे. तो हायड्रोजन पितो. सौम्य गंधकाम्लाच्या बीकरमध्ये तार ऋण टोकाला जोडून सोडायची आणि वीज सुरू करायची. तार प्लॅटिनमची असेल तर लगेच हायड्रोजनचे बुडबुडे वर येऊ लागतात. पॅलेडियमच्या तारेवर बराच वेळ काहीच दिसत नाही. वीज चालू आहे, मीटरचा काटा हललेला आहे, हायड्रोजन तयार होतोच आहे, आणि तारेभोवतीचं पाणी मात्र निवांत. सगळा वायू धातूच्या आत जातो. आपल्या आकारमानाच्या शेकडो पट वायू पोटात घेऊन झाला की मग कुठे बुडबुडे सुटायला लागतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्टुलावरून उठलेच नाही. नेहमीची बस गेली, आणि घरी बोलणी खाल्ली.

माझं काम होतं तार वायूनं भरायची, मग वीज उलटी करून ती रिकामी करायची, आणि किती वायू आत गेला, किती बाहेर आला ते मोजायचं. पुन्हा भरायची, पुन्हा रिकामी करायची. काही आठवड्यांत माझ्या लक्षात आलं, की तार बदलते आहे. भरली की ती किंचित लांब होई. ते पुस्तकात होतं, त्याचं नवल नव्हतं. पण रिकामी केल्यावर ती मूळच्या लांबीवर थांबत नव्हती. त्याहून आखूड होत होती, आणि दर खेपेला आणखी थोडी. बोटांत धरली तर जाड, खरबरीत लागायची. पूर्वी सुतासारखी वाकायची, आता ऐकायची नाही.

याचं कारण मी माझ्या परीनं शोधलं. धातूचे अणू एका ठरावीक जाळीत बसलेले असतात. हायड्रोजन त्या जाळीच्या फटींत शिरतो. थोडा असतो तोवर जाळी निभावून नेते. मर्यादेपलीकडे गेला की ती एकदम फुगते, आणि धातूची रचना मोठ्या मापाची होते. हा बदल सगळ्या तारेत एकदम होत नाही. वरचा थर फुगलेला असतो तेव्हा आतला गाभा अजून जुन्याच मापाचा असतो. दोघांची ओढाताण होते आणि आतल्या आत धातू सरकतो. वायू काढून घेतला की अणूंमधलं अंतर पूर्वीइतकं होतं, पण सरकलेला धातू जागेवर परत येत नाही. लांबीतला धातू जाडीत गेलेला असतो. कणभरही हरवलेला नसतो.

मी सरांना सांगितलं, "सर, तार आखूड होते आहे."

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "पट्टी शून्यापासून लावता ना?"

"लावते, सर."

"मग परत लावा."

मी परत लावली. परत सांगितलं. त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ते म्हणाले की मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये विभागातल्या सामानाची मोजणी असे. काचेची भांडी, तराजू, रसायनं कुणीही मोजे. महागाच्या वस्तू सर स्वतः मोजत. त्या दिवशी त्यांनी माझी तार टेबलावर ठेवली आणि तिला पट्टी लावली. मूळची तार वीतभर होती. आता ती बोटाच्या पेराएवढी कमी भरली.

"उरलेली कुठं आहे?" सर म्हणाले.

मला आनंद झाला. आज लिहितानाही याचाच संताप जास्त येतो, की मला त्या क्षणी आनंद झाला होता. वाटलं, शेवटी यांनी स्वतः पट्टी लावली. मी हसतच म्हटलं, "सर, हेच तर मी सांगत होते! दर वेळी ती..."

"मी विचारलं, उरलेली कुठं आहे."

सगळे हातातलं काम थांबवून बघायला लागले. सरांनी तार उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "पॅलेडियम आहे हे. इतवारीत नेलं तर सराफ डोळे झाकून घेतात." मग खिडकीकडे बघत ते म्हणाले, "तुम्हां लोकांना संधी द्यावी, विश्वास टाकावा, तर हे असं."

तुम्हां लोकांना. तोवर मी एकटी चोर होते. या दोन शब्दांनी त्यांनी माझे आईबाबा, आमची सगळी वस्ती त्या टेबलापाशी आणून उभी केली. खोलीत माझे शिक्षक होते, ज्यांनी मला वर्गात शाबासकी दिली होती. माझ्या डब्यातली चटणी मागून खाणाऱ्या मुली होत्या. एकही जण बोलला नाही.

मी म्हटलं, "सर, वजन करा. आत्ता, सगळ्यांसमोर करा."

"कशाशी ताडून बघणार? तार लांबीवर घेतली होती, वजनावर नव्हे."

ते खरं होतं. काम सुरू करताना मी केलेलं वजन माझ्याच हातचं, म्हणून ते कुणी ग्राह्य धरेना. मी म्हटलं, जाडी मोजा. ते म्हणाले, तारेची जाडी सगळीकडे सारखी नसतेच. मग त्यांनी माझ्याकडून प्रयोगशाळेच्या चाव्या मागून घेतल्या आणि आवाज मऊ केला. "लेखी माफी द्या. मी वर कळवणार नाही. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

त्यांचा तो मऊ आवाज मला शिवीपेक्षा वाईट वाटला.

घरी पोचले तेव्हा आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. माझ्याकडे बघून तिचे हात थांबले. "काहून वं, आज लवकर?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू घेतली काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आई, तू मले विचारून राहिली?"

"हाव, विचारून राहिली. मले माहीत हाय तू नाही घेतली. पण तुह्या तोंडानं सांग. उद्या बायाईनं इचारलं तं मले नुसतं वाटते म्हणून नाही सांगता येत."

"नाही घेतली."

"बस, झालं," आई म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

बाबा संध्याकाळी आले. त्यांना आईनंच सांगितलं. ते हातपाय न धुताच बसून राहिले. मग म्हणाले, "लिहून दे, बाई."

"काय लिहून देऊ, बाबा?"

"जे म्हणतेत ते. डिग्री तं होऊन जाईल. मोठी माणसं हायेत, आपलं काय चालते त्याइच्यापुढं? पुढं जाचं हाय आपल्याले."

"मंग दीक्षेले मले कडेवर घेऊन काहून गेलते?"

बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्यावर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. पण सरांवरचा राग आणि बाबांवरचा राग त्या संध्याकाळी मला वेगळे करता आले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण येत नाहीत. ते घाबरले होते. त्यांना कुणी घाबरवलं होतं तेही मला माहीत होतं. तरी त्यांनी घाबरायला नको होतं.

आई आत भाकरी टाकत होती. तिथूनच ती बाबांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली, "घेतली नाही तं लिहाचं काहून? घेतली असती तं मीच लिहाले लावलं असतं."

मी माफी लिहिली नाही.

तारेचा दुसरा तुकडा विभागातच होता. एकाच वेटोळ्यातून दोन सारखे तुकडे कापले होते, एक मला आणि एक माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याला. त्याच्या कामात तार एवढी भरावी-उपसावी लागत नसे, म्हणून ती जशीच्या तशी राहिली होती. दोन्ही शेजारी ठेवून वजन आणि जाडी ताडली असती तरी काम झालं असतं. मी त्याला विभागाच्या दारात गाठलं.

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "हे बघ, मला वाटतं तू नाही घेतलीस. पण मला यात नको ओढू. माझा प्रबंध सरांच्याच हातात आहे."

"वाटतं ना? मग तेवढंच त्या दिवशी तिथं बोलायचं होतंस."

"मी बोलून काय झालं असतं?"

"ते आता कळणार नाही," मी म्हटलं आणि निघाले.

शनिवारी दुपारी विभागात व्याख्यान होई. कधी शिक्षक बोलत, कधी आम्ही विद्यार्थी. त्या शनिवारी पाळी माझी होती, आणि फलकावरून माझं नाव काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेत जायला मला बंदी होती. व्याख्यानाच्या खोलीत जायला नव्हती. मी गेले. भौतिकशास्त्रातले एक निवृत्त प्राध्यापक दर शनिवारी पुढच्या बाकावर येऊन बसत. ते आलेले होते. त्यांना घडल्या प्रकाराची काही कल्पना नव्हती.

मी फळ्यापाशी उभी राहिले. "आज मी माझ्या तारेबद्दल बोलणार आहे. ती मी कापून विकली, असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच आहे."

सर उठले. "ही जागा त्यासाठी नाही. खाली बसा."

"आरोप करायला जागा चालली, सर. उत्तर द्यायला काहून चालत नाही?"

रागात माझ्या तोंडून घरचा शब्द गेला. मागे कुणी तरी हसलं. मी थांबले नाही. तार भरली की काय होतं, रिकामी केली की काय होतं, जाळी कशी फुगते, धातू आत कसा सरकतो, सगळं फळ्यावर काढून सांगितलं. आवाज चढलेला होता, खडू मोडत होता. सर दोनदा मध्ये बोलले, की हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी दोन्ही वेळा त्यांचं बोलणं संपू दिलं आणि पुढचं वाक्य म्हटलं.

म्हातारे प्राध्यापक पुढे वाकून ऐकत होते. ते म्हणाले, "करून दाखवता येईल का?"

"येईल. दुसरा तुकडा इथंच आहे. मी त्याला हात लावणार नाही. सरांनी स्वतः मोजावा आणि जोडणी दुसऱ्या कुणीही करावी."

"मग आणा की," ते सहजपणे म्हणाले. "कुणाकडे आहे?"

जो मुलगा मला यात ओढू नको म्हणाला होता, तो उठला आणि तार घेऊन आला. प्राध्यापकांनी विचारलं म्हणून. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी तार मोजली आणि आकडा फळ्यावर लिहिला. विभागातल्या एका शिक्षकांनी बीकर, बॅटरी, मीटर सगळं जुळवलं. वीज सुरू झाली. तारेवर काही दिसेना. मंडळी चहा पिऊन आली तरी तारेवर काही नव्हतं. मी हात मागे बांधून भिंतीशी उभी होते. मग बुडबुडे सुटू लागले. तार काढून, पुसून सरांनी पट्टी लावली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वाढली आहे!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत पुन्हा म्हणाले, "वाढली आहे, बाई. आखूड व्हायची होती ना?"

खोलीत कुजबुज झाली. मी म्हटलं, "अर्धाच प्रयोग झालाय. आता वीज उलटी करा."

उलट्या विजेनं हायड्रोजन बाहेर काढायलाही तेवढाच वेळ लागला. एकही माणूस घरी गेला नाही. शेवटी तार निघाली. सरांनी मोजली. पट्टी सरकवून पुन्हा मोजली. आकडा ते बोलेनात, तेव्हा म्हातारे प्राध्यापक उठून जवळ गेले आणि त्यांनी वाचून दाखवला. तार सुरुवातीपेक्षा आखूड होती. एवढ्या एकाच खेपेत नुसत्या डोळ्यांना कळेल इतकी.

"आणखी एकदा करा," ते खुशीत म्हणाले. दुसऱ्या खेपेला ती आणखी घटली. ते सरांना म्हणाले, "अहो, हे जुनंच आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी नोंदवलंय बघा. तुम्हाला माहीत असेलच."

सर तार पुसू लागले.

लोक सांगतात की त्या प्राध्यापकांनी मला वाचवलं. त्यांना मी चोर आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तार बघायची होती. तार बघून झाल्यावर ते छत्री घेऊन निघून गेले. त्यांच्यावर मी रागावत नाही. पण उद्या त्यांना तारेत रस वाटला नसता, तर मी चोरच राहिले असते, हे मी विसरत नाही.

सर टेबल आवरत म्हणाले, "ठीक आहे. विषय संपला."

"संपला नाही, सर. तुम्ही सगळ्यांसमोर मला चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर नाही म्हणा."

"गैरसमज झाला."

"कुणाचा?"

ते खोलीतून निघून गेले. सोमवारी माझ्या चाव्या शिपायाच्या हातून आल्या.

काम सोडून दिलं असतं तर लोक म्हणाले असते, खाल्लं म्हणून पळाली. म्हणून मी त्यांच्याच हाताखाली राहिले आणि प्रबंध पुरा केला. त्यांच्या खोलीत जावं लागलं तर उभ्यानं बोलायची, खुर्ची दिली तरी बसायची नाही. तार आखूड होण्यावरचा आमचा लेख छापून आला, त्यावर पहिलं नाव त्यांचं होतं. लेखात त्यांनी लिहिलं होतं, की हा बदल आमच्या लक्षात सुरुवातीपासूनच आला होता. आमच्या.

नोकरीच्या मुलाखतीला गेले, तर समितीतले एक गृहस्थ माझे कागद बाजूला ठेवून म्हणाले, "त्या तारेचं काय ते प्रकरण होतं हो?" शनिवारी जे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते विभागाच्या बाहेर गेलं नव्हतं. मार्चमध्ये जे ऐकलं, ते साऱ्या कॉलेजांत पोचलं होतं. मी त्यांना तार कशी भरते इथपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. ती नोकरी मला मिळाली नाही. पुढची मिळाली.

पुढे सर निवृत्त झाले. तोवर मी बरीच वर्षं शिकवत होते. निरोपाच्या समारंभाला जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं, मलाही बोलावलं, वर दोन शब्द बोलायची विनंती केली. मी गेले. माझ्या आधीचे सगळे गुरुऋणाबद्दल बोलले. मी म्हटलं, "सरांनी मला उत्तम विषय दिला. आणि याच इमारतीत त्यांनी मला चोर म्हटलं, ते शब्द त्यांनी अजून मागे घेतलेले नाहीत. आज सगळे आहेत, माईक आहे. मी वाट बघते." आणि जागेवर जाऊन बसले.

सभागृहात खोकल्याचे आवाज आले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घाईनं पुढचं नाव पुकारलं. सरांनी समोरच्या हारातली फुलं नीट केली.

नंतर बाहेर माझे एक जुने शिक्षक जवळ आले. मोजणीच्या दिवशी ते त्या टेबलाच्या अगदी शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "आजच्या दिवशी हे काढायची काय गरज होती?"

"तुम्ही त्या दिवशी बोलला असता, तर नसती पडली," मी म्हटलं.

ते गेले. समारंभानंतर जेवण होतं. मी न जेवता निघून जाईन, असं सगळ्यांना वाटत असावं, कारण माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी पंगतीत बसले, सरांच्या अगदी समोर, आणि बुंदी दोनदा वाढून घेतली.